प्रशासकाची भाषा आणि तिचे आयुर्मान : ‘पर्ल’चा एक विचार

संगणकावर चालणाऱ्या मोठ्या प्रोग्रामांचा इतिहास लिहिला जातो. त्यांची रोजची झाडलोट करणाऱ्या बारीकसारीक स्क्रिप्टचा इतिहास लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. रात्री दोन वाजता सर्व्हरवरील माहितीचा बॅकअप घेणे, जुने लॉग गुंडाळून ठेवणे, प्रवेश पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्यांच्या यादीवरून त्यांची खाती उघडणे, डिस्क भरत आली की इशारा पाठविणे ही कामे ज्या दहावीस किंवा दोनतीनशे ओळींच्या लेखनाने पार पडतात ते लेखन म्हणजे स्क्रिप्ट. वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी, मग ते महाविद्यालय असो, रुग्णालय असो की पतसंस्था असो, हे लेखन बहुधा एकाच माणसाच्या हातचे असते. तो माणूस पुढेमागे नागपूरला किंवा पुण्याला निघून जातो; स्क्रिप्ट मात्र जागच्या जागी राहते आणि रोज रात्री निमूटपणे आपले काम करीत असते. ज्या दिवशी ती थांबते त्या दिवशी ती प्रथमच कोणीतरी वाचू लागतो, आणि तो वाचणारा बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला कधी भेटलेलाही नसतो.

अशा परिस्थितीत स्क्रिप्टिंग भाषेचे मूल्य कशाने ठरवावयाचे? प्रचलित उत्तर असे की, जी लवकर शिकता येते, जिच्यात काम लवकर होते आणि जी येत असल्यास नोकरी लवकर मिळते ती भाषा श्रेष्ठ. पहिल्या दिवसापुरते हे उत्तर खोटे नाही. परंतु स्क्रिप्टचे आयुष्य तिच्या लेखकाच्या नोकरीहून लांब असते, आणि विसाव्या वर्षी जे मूल्य उरते ते निराळ्याच गोष्टींवर अवलंबून असते. त्यांतील दोन मुख्य होत : जुने लेखन नव्या यंत्रावर जसेच्या तसे चालते काय, आणि ते वाचू शकणारा माणूस मिळतो काय. ‘पर्ल’ ही भाषा या दोन्ही कसोट्यांवर घासून पाहण्याजोगी आहे. पहिल्या कसोटीवर ती जितकी उजळ दिसते तितकीच दुसरीवर ती संशयास्पद ठरते, आणि हा विरोध भाषाशास्त्राच्या अभ्यासकास विशेष विचार करावयास लावणारा आहे.

विशेष विचार अशासाठी की, पर्लचे कर्ते लॅरी वॉल हे मुळात भाषाशास्त्राचे विद्यार्थी. एखादी अलिखित भाषा शोधून तिला लिपी द्यावी, या हेतूने त्यांनी आपल्या पत्नीसह बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात भाषाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. तो बेत तडीस गेला नाही. परंतु १८ डिसेंबर १९८७ रोजी त्यांनी प्रसिद्ध केलेली भाषा यंत्राशी बोलण्याची असूनही माणसांच्या भाषांचे संस्कार घेऊन आली. युनिक्सवर प्रशासकाच्या हाताशी तेव्हा मुख्यतः तीन साधने होती. ओळी बदलण्यासाठी ‘सेड’, रकान्यांतील माहिती निवडण्यासाठी १९७७ चे ‘ऑक’, आणि या सर्वांना एका सूत्रात ओवणारे १९७९ चे ‘बोर्न शेल’. प्रत्येकाचे व्याकरण वेगळे; त्यामुळे जरा लांबचे काम निघाले की एकाच वाक्यात तीन भाषा बोलाव्या लागत. वॉल यांनी तिन्हींतून आणि सी भाषेतून हवे ते उचलले. वर्धा-नागपूरकडील मराठी ज्या निःसंकोचपणे हिंदीशी देवघेव करते तोच निःसंकोचपणा येथे दिसतो, आणि शुद्धतेच्या अभिमान्यांनी त्यावर घेतलेले आक्षेपही साधारण त्याच जातीचे आहेत.

भाषाशास्त्राचा ठसा पर्लच्या व्याकरणात उघड दिसतो. एका वस्तूच्या नावामागे ‘$’ हे चिन्ह येते, अनेक वस्तूंच्या समूहामागे ‘@’. म्हणजे वचनाचा भेद येथे चिन्हाने दाखविला आहे. एवढ्यावर न थांबता, ‘@दिवस’ या समूहातून एकच दिवस उचलला की चिन्ह बदलून ‘$’ होते. मूळ नाव अनेकवचनी असले तरी उचललेली वस्तू एक आहे म्हणून चिन्ह एकवचनी. ‘टोपलीतले आंबे’ म्हणणारा मराठी माणूस त्यांतला एक घेतल्यावर ‘आंबा’ म्हणतो; नियम तोच. दुसरी गोष्ट संदर्भाची. वेळ सांगणारी एकच आज्ञा, तिच्याकडून एक मूल्य अपेक्षित असेल तर वाचता येईल असे तारखेचे वाक्य देते, आणि समूह अपेक्षित असेल तर सेकंद, मिनिटे, तास अशी सुटी यादी देते. तिसरी गोष्ट सर्वनामाची. ‘$_’ हे चिन्ह म्हणजे ‘ते’, आत्ता ज्याविषयी बोलणे चालू आहे ते. आणि बहुतेक ठिकाणी तेही गाळले तरी चालते. ‘आला, बसला, निघून गेला’ या मराठी वाक्यात कर्ता कोठेच नाही व तरीही कोणाला अडचण पडत नाही, तसेच हे. एकच अर्थ अनेक रीतींनी सांगता यावा, या पर्लच्या गाजलेल्या तत्त्वाचे मूळही येथेच आहे.

हे सारे चतुर आहे यात शंका नाही. तथापि वॉल यांनी नैसर्गिक भाषेची म्हणून जी तत्त्वे स्वीकारली ती बव्हंशी बोलण्याची तत्त्वे आहेत, हा त्यांच्या विचारातील मुख्य दोष होय. बोलताना कर्ता गाळता येतो, कारण ऐकणारा समोर असतो; त्याला कळले नाही तर तो ‘कोण?’ असे विचारतो. प्रशासनाच्या लेखनात समोर कोणी नसते. म्हणूनच मराठी कचेरीच्या भाषेने ‘सदर’, ‘उक्त’, ‘उपरोक्त’ असे जड शब्द जवळ केले. त्यांची थट्टा करणे सोपे आहे, परंतु सर्वनामाने होणारा घोटाळा टाळण्यासाठीच ते आलेले आहेत. खरेदीखतात ‘त्याने त्याला दिले’ असे कोणी लिहीत नाही. पर्ल लिहिणाऱ्यास मात्र भाषा स्वतःच ‘त्याने त्याला दिले’ असे लिहावयास शिकविते, आणि ते लेखन चालतेही. कारण यंत्राला संदर्भाचा विसर पडत नाही. विसर पडतो तो माणसाला. सहा महिन्यांनी मूळ लेखकालाही आपले ‘ते’ म्हणजे काय होते हे शोधावे लागते.

या बाबतीत २००६ साली मायक्रोसॉफ्टने आणलेल्या ‘पॉवरशेल’चा मार्ग अधिक विवेकाचा वाटतो. तिच्यातील प्रत्येक आज्ञा क्रियापद आणि नाम यांची जोडी असते, आणि कोणती क्रियापदे वापरावयाची त्याची मान्य यादी ठरलेली आहे. क्रियापद आधी आणि नाम मागून, ही रचना मराठी कानाला उलटी वाटते हे खरे; पण ‘गेट-प्रोसेस’ हे वाचल्यावर काय होणार आहे याविषयी संशय राहत नाही. पडद्यावर घाईने टंकित करण्यासाठी ‘जीपीएस’ असे आखूड रूप वेगळे दिलेले आहे, आणि स्क्रिप्टमध्ये मात्र पूर्ण रूपच लिहावे असा संकेत आहे. बोलण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा यांतील भेद ओळखून तो व्याकरणातच बसविण्याचा हा प्रयत्न पर्लमध्ये फारसा आढळत नाही. पर्लमध्ये प्रौढ लेखनाची सोय आहे. नावे आधी जाहीर करण्याची सक्ती स्वतःवर घालून घेता येते, नमुन्यांची गुंतागुंतीची सूत्रे टिपणांसह सुटसुटीत मांडता येतात. परंतु हे सर्व लेखकाच्या मर्जीवर. ‘पर्ल ही फक्त लिहिण्याची भाषा, वाचण्याची नव्हे’ हा विनोद सर्वस्वी न्याय्य नाही. पण तो ज्या कारणाने पसरला ते कारण खोटे नाही.

मराठी वाचकास येथे मोडी लिपीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. मोडी ही कचेरीची लिपी. लेखणी न उचलता भरभर लिहिता यावे यासाठी ती वळलेली. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो आणि शब्दाशब्दांत अंतर नसते. हे सर्व लिहिणाऱ्याच्या सोयीचे, आणि तिचा भार वाचणाऱ्यावर. जोपर्यंत प्रत्येक कचेरीत मोडी वाचणारा कारकून होता तोपर्यंत हा सौदा उत्तम होता. पेशवे दफ्तर काय किंवा नागपूरकर भोसल्यांचे कागद काय, राज्याचा सारा व्यवहार तिने पेलला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारातून मोडी उठली, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कोट्यवधी कागद वाचणाऱ्यांची संख्या एकाएकी अत्यल्प झाली. कागद नष्ट झाले नाहीत, लिपीतही काही बिघडले नाही, वाचणारे गेले. २०१४ साली यूनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला जागा मिळाली, त्याने छापण्याची अडचण दूर झाली, वाचण्याची नव्हे. पर्लविषयी ‘ती मेली’ असे जे सहज म्हटले जाते त्यात नेमके हेच दोन प्रश्न मिसळलेले असतात.

कारण लेखन म्हणून पर्ल मेलेली नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध वितरणात पर्लचा मूळ गाभा अत्यावश्यक पॅकेजांत मोडतो. लिनक्सच्या गाभ्यात भर घालू इच्छिणाऱ्याचे लेखन नियमांस धरून आहे की नाही हे तपासणारी स्क्रिप्ट पर्लमध्ये आहे, आणि ‘ओपन-एसएसएल’ची जुळणी करणारी स्क्रिप्टही. उलट बाजूस, ‘गिट’मधील काही पर्ल-स्क्रिप्ट सी भाषेत नव्याने लिहिल्या गेल्या, हेही नमूद केले पाहिजे. चित्र असे की, जुने लेखन विपुल आहे व चालू आहे; नवे लिहिणारे मात्र पायथनकडे गेले आहेत.

आता पहिली कसोटी. १७ ऑक्टोबर १९९४ रोजी पर्लची पाचवी आवृत्ती आली. तेव्हापासून आजपर्यंत भाषेत पुष्कळ भर पडली, तरी त्या काळची साधी स्क्रिप्ट आजच्या यंत्रावर बहुधा चालते. अपवाद आहेत. २०१३ च्या ५.१८ आवृत्तीत नाव-मूल्यांच्या जोड्या कोणत्या क्रमाने बाहेर येतील हे दर खेपेस बदलू लागले, आणि जुन्या योगायोगाच्या क्रमावर विसंबलेल्या स्क्रिप्ट कोसळल्या. २०१७ च्या ५.२६ मध्ये, ज्या फोल्डरात स्क्रिप्ट चालू आहे तेथील सहायक फाइली आपोआप शोधणे सुरक्षिततेसाठी बंद करण्यात आले. परंतु अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी, आणि प्रत्येकाला सबळ कारण होते. नव्या सोयी ज्याला हव्यात त्याने फाइलीच्या आरंभी आवृत्तीचा क्रमांक लिहावा. ज्याने लिहिला नाही त्याला जुनेच नियम, अशी ही पद्धत आहे. २०२० साली ‘पर्ल ७’ची घोषणा झाली तेव्हा कडक नियम सर्वांनाच लागू करण्याचा विचार होता, तो मागे पडला आणि २०२२ च्या ५.३६ आवृत्तीत तेच नियम, पण मागणाऱ्यापुरते, देण्यात आले. या निर्णयाला कोणी भित्रेपणा म्हणेल. विसाव्या वर्षीच्या वाचकाच्या दृष्टीने तो शहाणपणा होता.

पायथनने दुसरा मार्ग घेतला. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने जुन्या लेखनाशी असलेला करार जाणूनबुजून मोडला. त्यामागील कारण क्षुल्लक नव्हते : अक्षरे आणि बाइट यांचा जो घोळ दुसऱ्या आवृत्तीत होता तो निस्तरावयाचा होता, आणि मराठीसारख्या भाषांचे हित त्यातच होते. तरीही १ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या आवृत्तीचा आधार काढून घेईपर्यंत अकरा वर्षे प्रशासकाला दोन पायथन सांभाळावे लागले. २०१९ च्या ‘रेड हॅट’ ८ मध्ये तर प्रणालीच्या स्वतःच्या कामासाठी वेगळा पायथन राखून ठेवावा लागला. त्यानंतरही प्रमाण ग्रंथालयातील जुने भाग गाळणे चालूच आहे. २०२३ च्या ३.१२ मधून पॅकेजे बांधण्याचे जुने साधन गेले, २०२४ च्या ३.१३ मधून आणखी कित्येक गेली. नियमितता, एकच उघड मार्ग, वाचनीयता हे पायथनचे गुण खरे आहेत आणि दुसऱ्या कसोटीवर ते तिला पर्लच्या पुष्कळ पुढे नेतात. परंतु नियमित भाषा आपोआप दीर्घायुषी होते, हा जो समज वर्गांतून रूढ झाला आहे तो तपासून घेण्याजोगा आहे.

तो तपासण्यास वर्ध्याइतकी योग्य जागा नाही. १९३५ साली इंदूर येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाने नागरी लिपीच्या सुधारणेसाठी समिती नेमली. तिचे संयोजक काका कालेलकर होते. १९३६ साली वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, आणि तिच्या पुस्तकांतून ‘अ’ची बाराखडी परीक्षार्थींच्या हाती गेली. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वतंत्र अक्षरे काढून अि, अी, अु, अू, अे, अै असे लिहावयाचे. मराठीत सावरकरांनीही याच बाराखडीचा पुरस्कार केला होता. तर्क निर्दोष होता. आ, ओ, औ ही अक्षरे नागरीत आधीपासूनच ‘अ’वर बेतलेली आहेत, गुजरातीत ए आणि ऐ देखील, तोच नियम सर्वांना लावावा, म्हणजे खिळे कमी लागतील, टंकयंत्र सोपे होईल, मुलांना शिकणे सुलभ होईल. यांतील एकही अपेक्षा चुकीची नव्हती. तरी १९४७ साली संयुक्त प्रांत सरकारने नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीने ही बाराखडी स्वीकारली नाही, आणि मराठीच्या रूढ लेखनातही ती रुजली नाही. कारण ज्ञानेश्वरीपासून वर्तमानपत्रापर्यंतचे सारे लेखन जुन्या अक्षरांत उभे होते, व ते वाचावयाचे तर जुनी अक्षरेही शिकणे प्राप्तच होते. खिळे जुळविणाऱ्याचे ओझे सहा अक्षरांनी कमी झाले. वाचणाऱ्याचे तेवढ्यानेच वाढले.

स्वतः वॉल यांनाही हा मोह आवरला नाही. २००० साली त्यांनी सहाव्या आवृत्तीची घोषणा केली. तीत सर्व विसंगती काढून भाषा नव्याने घडवावयाची होती. वर ज्या वचन-चिन्हांच्या बदलाचे कौतुक केले तो बदलही तीत रद्द झाला. ‘@’ एकदा लागला की कायमचा. काम पंधरा वर्षे चालले, डिसेंबर २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघाली, आणि २०१९ मध्ये ती पर्ल नव्हेच असे ठरून तिला ‘राकू’ हे वेगळे नाव देण्यात आले. राकू ही विचारपूर्वक घडविलेली, कित्येक बाबतीत सुंदर भाषा आहे. परंतु ‘नवी येणार’ या वार्तेने त्या पंधरा वर्षांत जुनी शिकणाऱ्यांचा उत्साह मात्र मावळला, आणि वाचकांची पिढी तुटण्यास तेथूनच आरंभ झाला असे म्हणावयास हरकत नाही.

शेलविषयी थोडे सांगणे पुरेसे आहे. तिला १९९२ साली प्रमाणरूप मिळाले आणि त्या रूपात लिहिलेले लेखन सर्वांत दीर्घायुषी ठरले आहे. पण पुष्कळांनी प्रमाणभाषा म्हणून ‘बॅश’ची बोलीच लिहिली, २००६ साली उबुंटूने मूळ शेलच्या जागी ‘डॅश’ बसविताच ते प्रादेशिक प्रयोग उघडे पडले. त्यांना ‘बॅशिझम’ असे नावच आहे. दीर्घायुष्याबरोबर जुने दोषही टिकतात, हे २०१४ साली उघडकीस आलेल्या ‘शेलशॉक’ने दाखविले, बॅशमधील तो दोष १९८९ पासून तेथेच बसून होता.

आता मराठीपुरती एक कसोटी उरते, आणि तिच्याकडे प्रशासनाच्या ग्रंथांतून दुर्लक्ष होते. प्रशासकाचे निम्मे काम मजकूर वाचून त्यातून शब्द वेगळे काढण्याचे असते. गावांची नावे, विद्यार्थ्यांची नावे, फाइलींची नावे आता देवनागरीतही येतात. ‘शब्दातील अक्षर’ याला बहुतेक भाषांत एकच खूण आहे. ती पर्लने दिली आणि इतरांनी उचलली. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीतील अंगभूत नमुना-शोधकाला ‘वर्धा’ हा शब्द देऊन त्यातील शब्द वेगळे काढावयास सांगितले, तर तो ‘वर’ आणि ‘ध’ असे दोन तुकडे परत करतो. त्याच्या मते हलन्ताचे चिन्ह आणि काना ही अक्षरे नव्हेत. म्हणून शब्द तेथे तुटतो. ‘सेवाग्राम’चे स, व, ग, र, म असे पाच तुकडे होतात. पर्लमध्ये, मजकूर यूनिकोड आहे हे आरंभी सांगितलेले असल्यास, दोन्ही शब्द अखंड हाती येतात, कारण यूनिकोडच्या शिफारशीप्रमाणे मात्रांची गणनाही शब्दातच होते. २०१३ च्या ५.१८ पासून तर जोडणीचे अदृश्य चिन्हही शब्दाचा भाग मानले जाते. काही कळफलकांवरून ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर्या’हून वेगळा राखला जातो तो त्या चिन्हाच्याच आधाराने. पायथनवाल्यांना स्वतंत्रपणे मिळणारे दुसरे ग्रंथालय बसवून हे साधता येते. पण बसविले पाहिजे हे आधी कळावयास हवे, आणि ‘वर’ व ‘ध’ या चुकीच्या उत्तरासोबत कोणतीही सूचना येत नाही.

पर्लचीही बाजू निर्मळ नाही. मजकूर यूनिकोड आहे हे सांगावयाचे राहिले तर ती ‘वर्धा’ची लांबी पंधरा सांगते, कारण ती बाइट मोजते, सांगितले तर पाच, कारण ती यूनिकोडची चिन्हे मोजते. मराठी वाचक त्यात व आणि र्धा अशी दोन अक्षरे पाहतो. वाचकाच्या दृष्टीची अक्षरे मोजण्याची वेगळी खूण पर्लमध्ये आहे, परंतु यूनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे तिने तीन मोजली. जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम यूनिकोडने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत केला. पंधरा, पाच, तीन, दोन : चारही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि कोणते कोठे हवे हे ज्याला कळते त्यालाच अशा लेखनाची जबाबदारी द्यावी.

या सर्वांवरून अभ्यासक्रमाचा एक प्रश्न निघतो. भाषा-तंत्रज्ञान शिकविणाऱ्या विभागांनी पायथन शिकवावी यात वाद नाही. नवे लेखन तिच्यातच होणार. परंतु लिहिणे आणि वाचणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत हे भाषाशास्त्राच्या विभागाने विसरणे शोभत नाही. महाराष्ट्रात मोडी वाचनाचे वर्ग भरतात. तेथे कोणी मोडीत नवी पत्रे लिहिण्यासाठी जात नाही. जुनी वाचण्यासाठी जातो. पर्ल आणि शेल यांच्या वाचनासाठी अर्ध्या सत्राची एक अभ्यासपत्रिका, आणि परीक्षेत लिहिण्याऐवजी दुसऱ्याचे जुने लेखन समजावून सांगण्याचा प्रश्न, एवढी व्यवस्था केली तरी वाचकांची परंपरा तुटणार नाही.

त्या परीक्षेसाठी उत्तम उतारा वर्ध्याच्या जुन्या पुस्तकांतूनच मिळेल. ‘अितिहास’ आणि ‘इतिहास’ हे यूनिकोडच्या दृष्टीने सर्वस्वी भिन्न शब्द आहेत. प्रमाणीकरणाच्या कोणत्याही रूपात ते एक होत नाहीत. म्हणजे समितीचे एखादे पुस्तक मूळ लेखनासह संगणकावर उतरविले, तर ‘इतिहास’ शोधणाऱ्यास ते सापडणार नाही. शोधसूचीपुरते रूपांतर करणारी पर्लची स्क्रिप्ट चारपाच ओळींची होते : ‘अ’पुढे वेलांटी आली तर इ, उकार आला तर उ, मात्रा आली तर ए. कोणीही हुशार विद्यार्थी याचा सामान्य नियम करील की, ‘अ’पुढे जे स्वरचिन्ह येईल त्याचे स्वतंत्र अक्षर करावे. येथे मराठी आडवी येते. २००८ साली यूनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळण्यापूर्वी मराठी लेखक ‘अ’पुढे चंद्र देऊन ‘अॅसिड’ लिहीत, आणि आजही अनेक फाइलींत ते तसेच आहे. सामान्य नियमाने त्याचे ‘ऍसिड’ होते, म्हणजे ‘ए’च्या अंगावर चंद्र, मराठीला ‘ॲसिड’ हवे. म्हणून चंद्राचे चिन्ह त्या यादीतून वगळावे लागते, आणि वगळण्याचे कारण पर्लच्या, पायथनच्या किंवा अन्य कोणत्याही भाषेच्या व्याकरणात कोठेही दिसत नाही. ते ओळीशेजारी मराठीत लिहून ठेवलेले नसेल, तर पुढे येणारा प्रशासक यादी अपुरी राहिली असे समजून चंद्र तीत परत घालील.